सावलीतल्या अळसांद्यांना गाठी का धरत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने भात कापून झाल्यावर दोन जागी अळसांदे (आपली गोव्याची चवळी) पेरले. बी एकच, रायझोबियमचं (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं) पाकीटही एकच. खालच्या उघड्या शेतातलं रोप उपटलं तर मुळांना गाठीच गाठी. घरामागच्या माडांच्या बागेतलं उपटलं तर मुळं जवळजवळ मोकळी. त्यांच्या बारावीतल्या मुलीने प्रकल्पासाठी तेच बी काचेच्या बरणीत पोषक द्रावणावर वाढवलं, खिडकीत भरपूर उजेडात ठेवलं, आणि तिथे एकही गाठ नाही. ‘पाकीट खराब होतं की जमीन? आणि सावलीमुळे गाठी येत नसतील तर उजेडातल्या बरणीत का आल्या नाहीत?’ असं त्यांनी विचारलं आहे.

पाकीट खराब नव्हतं. असतं तर खालच्या शेतातही बोंब झाली असती. (तसं म्हटलं तर चवळी गटाचे जिवाणू आपल्या मातीत मुळातच असतात, पण ते असो.) बाग आणि बरणी ही मात्र दोन वेगळी दुखणी आहेत. पानांना उजेड हवा आणि मुळांना काळोख. बागेत पहिली अट मोडली, बरणीत दुसरी.

आधी सावलीचं बघू. ‘सावलीत अन्न कमी तयार होतं, म्हणून गाठी कमी’ हे उत्तर बहुतेकांना माहीत असतं. ते बरोबर आहे, पण अर्धंच. गाठीतला जिवाणू फुकट राबत नाही. हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडून अमोनिया करायला किमान १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) लागतात, आणि ही सगळी ऊर्जा पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. साखर खोडातून खाली उतरते, गाठीत तिचं मॅलेट नावाचं सेंद्रिय आम्ल होतं आणि ते जिवाणूंना मिळतं. रोप एक-दोन दिवस पूर्ण अंधारात कोंडून ठेवलं तर गाठींचं काम झपाट्याने पडतं. जास्त दिवस ठेवलं तर आतला गुलाबी रंग उतरून हिरवट होतो. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. हिरवट झालेली गाठ संपलेली गाठ.

पण ही गोष्ट तयार गाठीच्या पोटापाण्याची झाली. तुमच्या बागेत गाठी उपाशी राहिलेल्या नाहीत, त्या धरल्याच नाहीत. त्याचं कारण उजेड किती यापेक्षा उजेड कसला यात जास्त आहे.

उघड्यावरच्या उन्हात तांबडा प्रकाश (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा दूरचा तांबडा (साधारण ७३० नॅनोमीटर) जवळपास सारखे असतात. तांबड्याचं पारडं किंचित जड, १.१ ते १.२ पट. पान तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि दूरचा तांबडा मात्र सोडून देतं. त्यामुळे दाट पानोळ्याखाली हेच गुणोत्तर ०.१-०.२ पर्यंतही घसरतं. रोपाच्या पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, ते हा हिशेब सतत ठेवतं. गुणोत्तर पडलं की रोप समजतं, डोक्यावर कोणीतरी आहे. मग ते उंच धावतं, पेरं लांबवतं, पानं फिकी पडतात. तुमची बागेतली रोपं लांबुळकी, हडकुळी झाली होती का? झाली असणारच.

या धावपळीत मुळाकडचा खर्च आवरला जातो. १९६९ साली नेदरलँड्समध्ये टी. ए. ली यांनी वाटाण्यावर प्रयोग केले होते. रोपांना दूरचा तांबडा प्रकाश दिला की गाठी घटत, आणि त्यावर साधा तांबडा दिला की परिणाम मागे फिरे. अन्न बनण्याशी याचा संबंध नव्हता, नुसता इशारा होता. पुढे २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लोटस जापोनिकस या रोपावर (नाव लोटस असलं तरी कमळ नव्हे, शेंगवर्गातलं लहानसं रानरोप) दाखवलं की फायटोक्रोम-बी बिघडलेल्या रोपांना गाठी कमी धरतात. तसंच, चांगल्या रोपांना सावलीसारखा रंग दिला तरी त्या कमी होतात. मधला दुवा जॅस्मोनिक आम्ल या वनस्पतीतल्या संप्रेरकाचा निघाला. सावलीच्या रंगात मुळातलं त्याचं कामकाज मंदावतं. कलमं बांधून पाहिल्यावर निर्णय शेंड्याकडचा ठरला, मुळाकडचा नव्हे.

२०२१ मध्ये चीनमधल्या हेनान विद्यापीठाच्या गटाने सोयाबीनमध्ये याच्याही पुढचा धागा सोडवला. तिथे निळ्या प्रकाशाचा मामला आहे. पानातलं क्रिप्टोक्रोम निळा प्रकाश टिपतं. त्यामुळे दोन प्रथिनं तयार होतात, एसटीएफ आणि एफटी, आणि ती चक्क पानांतून प्रवास करत मुळात उतरतात. तिकडे जिवाणूंची चाहूल लागून सीसीएएमके नावाचं एक प्रथिन आधीच जागं झालेलं असतं, ते वरून आलेल्या एसटीएफवर फॉस्फेटची मोहोर उठवतं. मोहोर उठली की गाठ बांधायची जनुकं चालू होतात. थोडक्यात खालचा अर्ज आणि वरची मंजुरी, दोन्ही लागतात. गंमत म्हणजे एफटी हे फुलोरा आणणाऱ्या घराण्यातलं प्रथिन. फुलांचा निरोप वर नेणारा हरकाम्या गाठींचा निरोप खालीही नेतो.

आणि ‘आता पुरे’ हा हुकूमही पानातूनच सुटतो. पहिल्या गाठी धरल्या की मूळ वर चिठ्ठी पाठवतं, पानातलं एक ग्राहक प्रथिन ती वाचतं आणि पुढच्या गाठींना लगाम घालतं. हे ग्राहक बिघडलेली सोयाबीनची वाणं ऑस्ट्रेलियात १९८५ च्या सुमारास मिळाली. त्यांच्या मुळांवर मुंग्या लागाव्यात तशा गाठी, पण रोप खुरटं. जास्त गाठी म्हणजे जास्त पीक, हा गैरसमज अशी रोपं पाहिली की उतरतो.

आता हे सगळं तुमच्या बागेत आणून बसवू.

माडांचं वय किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मला सर्वांत आधी तेच हवं आहे. माड लहान असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, खाली ऊन भरपूर येतं. आठ ते पंचवीस वर्षांच्या मधल्या काळात झावळ्या दाट आणि खाली असतात, तेव्हा बागेतला उजेड सर्वांत कमी. पंचवीस ओलांडली, खोड उंच गेलं, की पुन्हा तिरपं ऊन आत शिरतं. पन्नाशीतल्या बागेत मी अळसांद्यांना गाठी चांगल्या धरलेल्या पाहिल्या आहेत. पंधरा वर्षांच्या बागेत आशा करू नका. कुळागरात तर माड, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी आणि मिरीचे वेल, असा तीन मजली छपराचा काळोख. तिथे कडधान्य पेरणं म्हणजे बी मातीत घालवणं.

एक भेद इथे लक्षात घ्या, कारण त्यावरून बरेच जण चकतात. ढग आणि पान, दोघंही सावली करतात, पण सारखी नाही. ढग सगळे रंग साधारण सारखेच कापतो, त्यामुळे उजेड कमी झाला तरी तांबड्या-दूरच्या तांबड्याचं गुणोत्तर फारसं पडत नाही. म्हणून जुलैच्या अंधारलेल्या पावसातही मोरडावर (चढावरच्या शेतात) उघड्यावर लावलेल्या चवळीला गाठी धरतात. कमी धरल्या तर आधी पाण्याचा निचरा बघा, कारण बुडलेल्या मुळाला हवा नाही आणि हवा नसली तर गाठ गुदमरते. पानांच्या सावलीचं तसं नाही. ती रोपाला सरळ सांगते की शेजारी आहे, वर धाव.

हाच शेजारी तणाचा किंवा त्याच पिकाचाही असू शकतो. आपल्याकडे अळसांदे फेकून पेरतात आणि हात सैल सोडतात. पेर दाट झाली की रोपं एकमेकांवर सावली धरण्याआधीच शेजारच्या पानांवरून उडालेला दूरचा तांबडा टिपतात आणि धावायला लागतात. दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटीमीटर ठेवता आलं तर उत्तम. फेकूनच पेरत असाल तर उगवल्यावर दहा-बारा दिवसांत विरळणी करा. पहिली भांगलणीही तेव्हाच. गाठींचा बेत पहिल्या तीन आठवड्यांत ठरतो, महिन्याने तण काढून रोपाचा जीव वाचेल, पण त्या गेलेल्या गाठी येणार नाहीत.

सावलीशिवाय आणखी एक संशय मला तुमच्या बागेबद्दल आहे. अळसांदे माडाच्या आळ्याजवळ पेरले असतील तर तिथे शेणखत आणि युरिया पडलेला असतो. मातीत तयार नत्र असलं की रोप गाठींच्या भानगडीत पडतच नाही. विकतचं मिळतंय तर घरी कोण शिजवेल? आणि बागेतली रोपं पिवळट दिसली म्हणून तुम्ही वर मूठभर युरिया टाकला असेल, तर सावलीने जे अर्धवट सोडलं होतं ते तुम्ही पूर्ण केलंत. रागावू नका, हे अगदी जाणकार मंडळीही करतात.

चढावरची जांभ्याची माती आणि खालच्या शेतातली गाळाची माती यांतही फरक असणार. आपली जांभ्याची जमीन आम्ल, तिच्यात स्फुरद अडकून पडतो, मॉलिब्डेनम पिकाला मिळत नाही, आणि गाठीत नायट्रोजन फोडणाऱ्या नायट्रोजनेज या विकराला मॉलिब्डेनम लागतंच. मातीचा सामू साडेपाचच्या खाली असेल तर पेरणीआधी दोन-तीन आठवडे चुना टाका. शिंपल्यांचा चुना मिळाला तर तोही चालेल. पण हे बियाला लावलेल्या जिवाणूंशी एकत्र करू नका, भाजका चुना जिवाणूंना जाळतो.

जिवाणूंना जाळणारं दुसरं म्हणजे ऊन. उजेडाचा विषय निघालाच आहे तर हे सांगूनच टाकतो, कारण ही चूक माझीच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी पेडण्याच्या बाजूला प्रात्यक्षिकाला निघालो होतो. पाकिटं जीपच्या पुढच्या काचेखाली मांडली होती, पोचलो दुपारी दोनला. गुळाचं पाणी करून, बी चोळून, मोठ्या थाटात कार्यक्रम पार पडला. पंचेचाळीस दिवसांनी रोपं उपटली तर पाकीट लावलेल्या आणि न लावलेल्या वाफ्यांत काडीचा फरक नाही. जमलेल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘तुमचे जिवाणू वाटेतच उतरले वाटतं.’ तेव्हापासून माझ्या गाडीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा असतो. दहा किलो बियाला अडीचशे ग्रॅमचं पाकीट, गुळाचं थंड झालेलं पाणी, सावलीत अर्धा तास सुकवणं, आणि पेरणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. बी पेरून लगेच मातीने झाकायचं. पानाला जे ऊन अमृत, तेच उघड्या जिवाणूला विष. एक तर ते तापतं, त्यात अतिनील किरण.

आता बरणीकडे. तुमच्या मुलीचं मला कौतुक वाटतं, कारण तिला नकळत या विषयातली एक जुनी खोच सापडली आहे.

पहिली गोष्ट, काच. मुळांवर सरळ उजेड पडला की कितीतरी शेंगवर्गीय रोपांत गाठी घटतात. मूळ हा काळोखातला अवयव आहे. उजेडात त्याची वाढ बदलते, आणि गाठींना आडवा येणारा इथिलीन वायू त्याच्यात वाढू शकतो. म्हणून प्रयोगशाळेत गाठींचे प्रयोग करणारे लोक लिओनार्ड जार (वर रेतीत रोप, खाली द्रावण अशी दुमजली बरणी) वापरतात आणि त्याला बाहेरून काळा कागद किंवा ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळतात. उघड्या काचेत दुसरी पीडाही होते. द्रावणात शेवाळ धरतं, मुळांवर हिरवी बुळबुळीत साय येते आणि खिडकीतल्या उन्हाने पाणी कोमट होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. द्रावण कोणतं वापरलं? दुकानात मिळणारं हायड्रोपोनिक्सचं तयार मिश्रण असेल तर त्यात नायट्रेट ठासून भरलेलं असतं. मग बरणी काळी करा, गोरी करा, गाठ येणार नाही. गाठींसाठी नत्र नसलेलं द्रावण लागतं, फार तर उगवणीपुरतं चिमूटभर. आणि बियाला पाकिटातले जिवाणू लावले होते ना? निर्जंतुक कोकोपीट आणि पाणी यांत जिवाणू आकाशातून पडत नाहीत.

प्रकल्प पुन्हा करायला वेळ असेल तर असा करा, निकाल पाहण्यासारखा येईल. कुंड्या नऊ घ्या, सगळ्यांत नदीची धुतलेली रेती, सगळ्यांच्या बियाला एकाच पाकिटातले जिवाणू, सगळ्यांना नत्र नसलेलं एकच द्रावण. तीन कुंड्या उघड्या उन्हात. तीन काळ्या शेडनेटखाली, कारण काळी जाळी रंग न बदलता नुसता उजेड कमी करते. आणि तीन माडाच्या किंवा आंब्याच्या दाट पानांखाली. जाळीखालचा आणि झाडाखालचा उजेड साधारण सारखा ठेवायचा प्रयत्न करा. मोबाइलवरचं लक्समापक अचूक नसतं, पण तुलनेला चालतं. पाच आठवड्यांनी मुळं धुऊन गाठी मोजा. जाळीखाली कमी आणि झाडाखाली त्याहून कमी आल्या तर उजेड ‘किती’ आणि ‘कसला’ हे दोन्ही वेगळे करून दाखवता येतील. बरणीच हवी असेल तर दोन बरण्या, एक उघडी, एक पन्नी गुंडाळलेली. परीक्षक बहुधा विचारतील, ‘उजेडात वाढणाऱ्या गाठी असतच नाहीत का?’ असतात. सेस्बेनिया रोस्ट्राटा या ढैंच्याच्या आफ्रिकी भावंडाला खोडावर गाठी येतात. भातशेतात पाणथळ जागी उगवणाऱ्या एश्चिनोमेनीलाही येतात, आणि तिच्यातले काही जिवाणू तर स्वतःच प्रकाशातून ऊर्जा मिळवतात. नियम मोडणारं हे उदाहरण मुलीला तोंडपाठ असू दे.

माडांखाली काय करायचं, हा खरा सवाल राहिला. बाग मधल्या वयाची असेल तर अळसांदे पूर्व-पश्चिम कडेला, जिथे सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन दोन-चार तास सरळ पोचतं, तिथेच घ्या. लोंबलेल्या वाळक्या झावळ्या उतरवल्या तरी फरक पडतो. आत मात्र हट्ट सोडा. त्याऐवजी कुंपणाला गिरिपुष्प लावा. तेही शेंगवर्गातलंच, उन्हात उभं राहून गाठी धरतं, आणि त्याचा पाला कापून आळ्यात घातला की उन्हातलं नत्र सावलीत येऊन पडतं. फक्त एका वेळी सगळं झाड बोडकं करू नका. पानं गेली की साखर थांबते आणि मुळांवरच्या गाठी झडतात. नवी पालवी आल्यावर नव्या धरतात, पण मधले आठवडे वाया जातात. अर्ध्या फांद्या आता, अर्ध्या पुढच्या खेपेला.

मुळं तपासायची रीतही सांगतो, कारण तुम्ही रोपं ‘उपटली’ असं लिहिलं आहे. उपटलं की निम्म्या गाठी मातीतच राहतात. फुलं दिसू लागली की रोपाभोवती वीतभर अंतरावर कुदळ घाला, ढेकळासकट उचला, बादलीत तासभर भिजत ठेवा आणि हळूच हलवून माती सोडवा. खोडाच्या बुंध्याजवळ, सोटमुळावर मिरीएवढ्या गाठींचा झुपका असेल तर सुरुवातीलाच धरल्या. लहान, पांढऱ्या, लांबच्या केसमुळांवर विखुरलेल्या असतील तर उशिरा आल्या किंवा कुचकामी आहेत. चार-पाच गाठी नखाने चिरा. आत ओल्या विटेसारखा तांबूस-गुलाबी रंग हवा. शेंगा भरू लागल्यावर चिराल तर हिरवट दिसतील, ते दुखणं नव्हे. साखर तोवर दाण्यांकडे वळलेली असते.

पुढच्या हंगामात बागेच्या कडेचं एक, आतलं एक आणि खालच्या शेतातलं एक अशी तीन रोपं याच रीतीने काढा. एका पांढऱ्या ताटात शेजारी ठेवून, गाठी चिरून, फोटो पाठवा. सोबत माडांचं वय आणि आळ्यात शेवटचा युरिया कधी टाकला तेही लिहा.